जगण्याचा हक्क राज्यघटनेच्याही आधीचा

नवी दिल्ली : जगण्याचा हक्क राज्यघटना देते की केवळ मान्य करते, या तात्त्विक प्रश्नाची किंमत भारतात आणीबाणीतील स्थानबद्धांनी मोजली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी त्यांना न्यायालयाचे दार बंद केले. न्या. हंसराज खन्ना एकटेच विरोधात राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ आणीबाणीतही अबाधित राखला. २०१७ मध्ये ९ सदस्यीय घटनापीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. शासन हक्कांच्या रक्षणासाठी असते, हक्क शासनाच्या कृपेवर नसतात, या जॉन लॉक यांच्या विचाराशी ही भूमिका जुळते. मात्र, अनुच्छेद २२ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेस आजही वाव देतो. त्यामुळे या तत्त्वाची खरी कसोटी प्रत्येक स्थानबद्धता आदेशाच्या वेळी लागते.