अद्भुत कादंबऱ्यांची शिफारस रास्तच



पुण्यातील मुले एकमेकांना टॉल्किनच्या अद्भुत कादंबऱ्या वाचायला सुचवतात, हे वास्तवापासून पलायन आहे, असे आपल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे. ते पटत नाही. मराठीत अद्भुतरम्य कादंबरी लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून, म्हणजे 1861 पासून आहे; पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने कित्येकांना वाचनाचे वेड लावले. आणि पलायन म्हणावे, तर टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ज्वालामुखीच्या कड्यावर पोचलेल्या नायक फ्रोडोलाही सत्तेची अंगठी आत टाकवत नाही. सत्तेचा मोह सज्जनालाही आवरत नाही, याहून वास्तव ते कोणते? मुलांच्या इंग्रजी वाचनामुळे मराठी मागे पडेल ही भीती मात्र खरी आहे. पण या कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ उपलब्ध आहे. ग्रंथालयांनी तो ‘वीरधवल’शेजारी, मुलांच्या हाताला लागेल असा ठेवावा.

— एक वाचक, पुणे