पोकलेन, एरर कोड आणि उगाच बदललेला सेन्सर

‘फाइल नॉट फाउंड’ असा एरर आला म्हणून कोणी हार्ड डिस्क बदलतं का? नाही ना? आपण आधी पाथ बघतो, परमिशन बघतो, लॉग उघडतो. पण रस्त्याकडेला खोदकाम करणाऱ्या पिवळ्या धुडाच्या बाबतीत मात्र सर्रास हेच चालतं. स्क्रीनवर कोड येतो, कोडात एका सेन्सरचं नाव असतं, की लगेच सेन्सर बदला. मशीन दोन दिवस चालतं, आणि तिसऱ्या दिवशी तोच कोड परत हजर! आता बोला.

हे धूड म्हणजे हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर. पोक्लेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून आपण सगळ्याच एक्स्कॅव्हेटरना पोकलेन म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. नाव जुनं असलं तरी आतला मामला आता बराच बदललाय. इंजिनाला एक कंट्रोलर, पंप आणि व्हॉल्व्हना दुसरा, ऑपरेटरसमोर मॉनिटर, आणि ही सगळी मंडळी कॅन बस नावाच्या दोन वायरींवरून एकमेकांशी गप्पा मारतात. म्हणजे काय, तर चिखलात उभी असलेली एक डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमच. म्हणून तर मी त्यात नाक खुपसतोय.

आता कोडाकडे येऊ. बऱ्याच इंजिनांचे कंट्रोलर जे१९३९ या स्टँडर्डप्रमाणे बोलतात. त्यात कोडाचे मुख्य आकडे दोन. पहिला एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार काय आहे. उदाहरणार्थ, एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. त्यापुढे एफएमआय १ असेल तर मोजमाप ठीक आहे, पण प्रेशर खरंच धोक्याइतकं खाली गेलंय. इंजिन ताबडतोब बंद करा. पण तिथेच एफएमआय ४ असेल, तर सिग्नलचं व्होल्टेज मर्यादेखाली गेलंय. म्हणजे ऑइलचं काय चाललंय ते कंट्रोलरला कळतच नाहीये! पहिला आकडा तोच, पण एकात इंजिन जायची वेळ आलीये आणि दुसऱ्यात बहुधा एखादी वायर घासलीये. आणि साइटवरून मालकाला फोन काय जातो? “शेठ, ऑइल प्रेशरचा कोड आलाय.” दुसरा आकडा गायब.

माझं म्हणणं एवढंच, की कोड म्हणजे निदान नव्हे. वायरीच्या आपल्या टोकाला कंट्रोलरला जे दिसलं, तेवढंच तो सांगतो. पलीकडच्या टोकाला सेन्सर असतो आणि मधे कनेक्टर, अर्थिंग आणि कित्येक मीटर वायरिंग. हे वायरिंग हादऱ्यांनी लोखंडावर घासतं, प्रेशरने मशीन धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, उंदीर तर आपल्याकडे आहेतच. शिवाय बॅटरी न सोडवता बकेटला वेल्डिंग मारलं तर कंट्रोलरलाच फटका बसू शकतो. यातलं काहीही बिघडलं तरी नाव येतं बिचाऱ्या सेन्सरचं.

कधी कधी तर एकदम तीन-चार सेन्सरचे कोड येतात. तिघेचौघे एकाच सकाळी गेले असं समजायचं का? बऱ्याचदा कंट्रोलर अनेक सेन्सरना मिळून एकच ५ व्होल्टची लाइन देतो. त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीचेही आजारी दिसतात. एकेक प्लग काढत जायचं. ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, ती फांदी दोषी. आपल्याकडे एक सर्व्हिस पडली की दहा अलर्ट येतात, त्यातलाच प्रकार.

आणि हे तपासायला काही रॉकेट सायन्स लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. कूलंटच्या तापमानाचा दोन वायरींचा सेन्सर घ्या. त्याचा प्लग काढला की कंट्रोलरने ‘व्होल्टेज वर गेलं’ म्हणायला हवं. वायरिंगच्या प्लगमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की ‘खाली गेलं’ म्हणायला हवं. कोड असा पलटला तर वायरिंग आणि कंट्रोलर ठीक, संशय सेन्सरवर. पलटलाच नाही, तर नवा सेन्सर आणून काय त्याची पूजा करायची? (तीन वायरींच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग नको.) कॅन बसचंही तसंच. बॅटरी सोडवून दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम आला तर ठीक, १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा वायर तुटलीये.

तुम्ही म्हणाल, मग मेकॅनिक हे करत का नाहीत? मला विचाराल तर दोष त्यांचा कमी आहे. त्यांच्या हातात वायरिंग डायग्रॅमच नसतो. कित्येक मशीनवर कंपनीचा स्वतःचा कोड दिसतो, ज्याचा अर्थ फक्त डीलरच्या पुस्तकात. शिवाय सेन्सर बदलला तर बिलात दिसतो. दोन तास मल्टिमीटर घेऊन वायर शोधली तर त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. आणि कर्जावर एकच पोकलेन घेतलेला मालक? मशीन उभं असलं तरी त्याचा हप्ता थांबत नाही, ऑपरेटरचा पगार थांबत नाही. त्याला घाई असणारच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की मशीन विकताना कोडांची पूर्ण यादी आणि वायरिंग डायग्रॅम मालकाला मिळालाच पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. तिने ठरवलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, मोबाइल होते, घरगुती उपकरणं आणि गाड्या होत्या. बांधकामाची मशीन नव्हती. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी असा कायदा २०२३ मध्ये केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागूही झाला.

कंपन्या म्हणतात, सगळं खुलं केलं तर लोक धुराच्या आणि सेफ्टीच्या सेटिंगमध्ये हात घालतील. मुद्दा चूक नाही. पण हा प्रश्न आपल्या धंद्यात कधीच सुटलाय. रीड अॅक्सेस वेगळा, राइट अॅक्सेस वेगळा! सेटिंग बदलायचे हक्क ठेवा हवे तर स्वतःकडे. पण स्वतःच्या पैशाने घेतलेलं मशीन काय म्हणतंय, ते वाचायला कोणाची परवानगी कशाला?

तोवर एक करा. गावाकडच्या काकाचा किंवा मित्राचा “पोकलेन बंद पडलाय” असा फोन आला, तर तीनच प्रश्न विचारा. कोडाचे दोन्ही आकडे काय आहेत? कोड आत्ता चालू आहे की मेमरीतला जुना? आणि पार्ट मागवण्याआधी कोणी काही मोजलं का? उत्तरं मिळेपर्यंत कोड पुसू नका म्हणावं. तपासाआधीच लॉग डिलीट करणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.