वीज तयार होईल, पण टाकीत कोण उतरणार?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी निघते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते ओढ्यात सोडले तर मासे मरतात, विहिरी नासतात. तेच बंद टाकीत हवेविना कुजवले तर मिथेनयुक्त बायोगॅस मिळतो आणि त्यावर वीज तयार होते. उघड्यावरून हवेत गेलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता अडवतो. म्हणून हे तंत्रज्ञान हवेच. पण 'हरित ऊर्जा' म्हटले की जातीचा प्रश्न आपोआप संपत नाही.

पहिला प्रश्न, टाकीतला गाळ कोण काढणार? बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचे प्रमाण वाढले की वासही येईनासा होतो आणि माणूस क्षणात कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेलाही मरतो. या देशात अशा कामाला कोणत्या वस्तीतून माणसे बोलावली जातात, हे सांगायला नको. २०१३ चा कायदा धोकादायक सफाईला बंदी घालतो, पण त्याच्या व्याख्येत गटार आणि सेप्टिक टँक एवढेच आहे. कारखान्याच्या बायोगॅस टाकीचे नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मग बायोगॅसच्या टाकीत मेलेल्या कंत्राटी मजुराचे काय?

दुसरा प्रश्न, गॅस काढल्यावर उरलेल्या पाण्याचे काय? ते शुद्ध झालेले नसते. त्यात रंग, क्षार आणि बरेच प्रदूषण शिल्लक असते. ते कोणाच्या पाणवठ्याशेजारून वाहणार?

तिसरा, वीज कोणाची? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे विजेचे धोरणही होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. कारखान्याला विजेचा पैसा, ऊसतोड कामगाराच्या कोपीत मात्र अंधार, हे त्या मांडणीत बसत नाही.

तरुण मित्रांनो, घोषणा पुरेशा नाहीत. आपल्या भागातील प्रकल्पाचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र माहिती अधिकारात मागा. गाळ यंत्रानेच काढण्याची अट, बायोगॅस टाकीचा कायद्यात स्पष्ट समावेश आणि वस्तीला विजेत वाटा, या मागण्या ग्रामसभेत लेखी मांडा. आमच्या माणसाचा जीव घेऊन पेटणारा दिवा आम्हाला उजेड देत नाही.

जय भीम!