'नष्ट झाले' हे कोणी सिद्ध केले? नाशिकचे मूकपट, दूरदर्शनच्या मालिका आणि न उघडलेल्या सूची : एक दीर्घ धागा

दर वर्षी ३० एप्रिलला दादासाहेब फाळके यांची जयंती येते आणि पाठोपाठ ३ मे, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या प्रदर्शनाचा दिवस. या चार दिवसांत दोन विधाने समाजमाध्यमांवर हमखास फिरतात. पहिले असे की भारताचा पहिला चित्रपट आज यूट्यूबवर पाहता येतो. दुसरे असे की नाशिकच्या कारखान्यातून निघालेले फाळक्यांचे बाकी सारे चित्रपट नष्ट झाले. याच कुळातले तिसरे विधान वर्षभर ऐकू येते : दूरदर्शनच्या जुन्या मराठी मालिका पुसल्या गेल्या, आता काही उरले नाही.

पहिले विधान वादग्रस्त आहे, दुसरे चुकीचे आणि तिसरे अर्धवट. ती पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी एकदा तरी अभिलेखागाराची सूची उघडली असेल?

'नष्ट' हा शब्द मुळात निकाल आहे. निकालाआधी चौकशी व्हावी लागते. एखादी कृती अभिलेखागारात सापडत नाही, याचे अर्थ अनेक असू शकतात : ती तेथे कधी आलीच नाही; आली, पण दुसऱ्या नावाने नोंदली गेली; नोंदली गेली, पण डब्यात भलतेच निघाले; किंवा ती खरोखरच जळाली, विरघळली, पुसली गेली. या चारही अवस्थांना एकच शब्द वापरणे म्हणजे बेपत्ता माणसाला मृत घोषित करून घरच्यांनी मोकळे होणे.

'आलम आरा'चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या या पहिल्या भारतीय बोलपटाची शेवटची प्रत पुण्यात ८ जानेवारी २००३ च्या आगीत जळाली, अशी कथा वर्षानुवर्षे छापली गेली. आग खरी होती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा, त्यात प्रभातच्या मूळ फिती, तेव्हा खाक झाल्या. पण संग्रहालयाचे संस्थापक-संग्राहक पी. के. नायर यांनी स्पष्टच सांगितले की 'आलम आरा' तेथे कधी नव्हताच. तो त्याच्या कितीतरी आधी हातचा गेला होता. म्हणजे जे कोठारात नव्हते ते कोठाराच्या आगीत जळाल्याची नोंद इतिहासात पक्की झाली. अशा चुकीची किंमत मोठी असते. जळालेली वस्तू कोणी शोधत नाही.

आता 'राजा हरिश्चंद्र'. १९१३ चा मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा. संग्रहालयाकडे पहिले आणि शेवटचे रीळ आहे. तेच यूट्यूबवर '१९१३ चा पहिला भारतीय चित्रपट' म्हणून दिसते. मात्र फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे मत काही चित्रपट-इतिहासकारांनी मांडले आहे. वाद मिटलेला नाही. पण तो उभा का राहिला, हे पाहण्यासारखे आहे. निर्माता एक, कथा एक, नाव जवळजवळ एक. डब्यावरच्या चिठ्ठीवर जे लिहिले तेच सूचीत उतरते, सूचीतले पुस्तकात जाते आणि पुस्तकातले जयंतीच्या फलकावर.

नाशिककरांनी तर या वादात विशेष रस घ्यायला हवा. १९१३ चा चित्रपट मुंबईत, दादरला घडला. त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१७ चे मत खरे ठरले तर जगभर 'मुंबईचा पहिला चित्रपट' म्हणून जे पाहिले जाते ते नाशिकच्या काळातले काम ठरेल. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक उभारणाऱ्या शहराने या प्रश्नावर एखादे चर्चासत्र मागितल्याचे ऐकिवात नाही. कारंजी मात्र मागितली.

जुना पुरावा कसा तपासावा, याचा धडा फाळक्यांच्याच एका जाहिरातीत आहे. 'राजा हरिश्चंद्र' म्हणजे ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे, अशी ती प्रसिद्ध जाहिरात. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी असतात. ५७,००० ला सोळाने भागले की साधारण ३,५६० फूट येतात. हे ३,७०० च्या अगदी जवळ आहे, तेव्हा छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! एकाच ओळीत एक आकडा प्रामाणिक आणि दुसरा शुद्ध थाप. सहा-सहा तासांची नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला तासाभराचा खेळ विकायचा होता, तेव्हा थाप समजण्यासारखी आहे. न समजण्यासारखे आहे ते शंभर वर्षांनंतर भागाकार न करणारे लेखन.

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) ही तिची गाजलेली कामे. दुसऱ्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. फाळक्यांच्या नावावर एकूण ९५ चित्रपट आणि २६ लघुपट सांगितले जातात. त्यांपैकी पाहायला मिळतात ते मोजके तुकडे. 'कालिया मर्दन'चा बराच भाग आज आहे, कारण नायर फाळके कुटुंबीयांपर्यंत पोहोचले आणि घरात राहिलेले तुकडे त्यांनी गोळा केले. 'सारे नष्ट झाले' हे वाक्य त्या दिवशी नायरांनी खरे मानले असते तर नाचणारा तो बालकृष्ण आज कोणालाच दिसला नसता.

उरलेल्या शेकड्याभर कृतींचे काय? येथे सूची आणि सूची यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. एक सूची जपलेल्या वस्तूंची असते, दुसरी घडलेल्या वस्तूंची. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर मुंबईत १९२० मध्ये परीक्षण मंडळ आले आणि परीक्षित चित्रपटांच्या नोंदी सरकारी राजपत्रात येऊ लागल्या. वीरचंद धरमसी यांनी अशा नोंदींच्या आधारे मूकपटांची जी यादी रचली ती १९९४ च्या 'लाइट ऑफ एशिया' या ग्रंथात आहे. १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढील साक्षींत खुद्द फाळक्यांची उत्तरे आहेत. हे सारे कागद ग्रंथालयांत आहेत. घडलेल्यांची यादी हाती नसताना हरवलेल्यांची मोजणी कशी करणार?

भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यांतले तीसेक उरले, असे सामान्यतः मानले जाते. हा आकडा दगडावरची रेघ नाही. मदन कंपनीचा 'बिल्वमंगल' (१९१९) पॅरिसच्या सिनेमाटेक फ्रान्सेजमध्ये होता; २०१६ मध्ये तो भारतात परतला. फ्रेंच सूचीत तो होताच. इकडे विचारणारे हवे होते.

दूरदर्शनच्या मालिकांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि म्हणूनच त्यावर अधिक आळशीपणे बोलले जाते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. चित्रफिती महाग होत्या आणि जपून वापराव्या लागत. प्रक्षेपण झाले की त्याच फितीवर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची रीत होती. याला 'काळाच्या ओघात हरवले' म्हणणे चुकीचे आहे. मूकपट ओलाव्याने, आगीने, चांदी काढण्याच्या लोभाने गेले. चित्रफीत मात्र कोणीतरी आदेश देऊन पुसली. आदेश असेल तर कागद असतो, नोंदवही असते, तारीख असते. तो कागद मागितला पाहिजे.

चि. वि. जोशी यांच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका घ्या. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती घरोघरी पोहोचवली. आज तिचे थोडेच भाग पाहायला मिळतात. आता कोणी उत्साही तरुण एखाद्या संग्रहाच्या सूचीत 'चिमणराव' हा शब्द टाकतो आणि त्याला काय सापडते? त्याच जोडीचा १९७९ चा चित्रपट. त्याआधी १९४० च्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग हीच पात्रे साकारून गेलेले. पात्र एक, नाव एक, माध्यमे वेगळी, दशके वेगळी. तरुण निराश होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चित्रपटातला तुकडा 'मालिकेचा दुर्मीळ भाग' म्हणून चिकटवतो.

मालिकेचा भाग नावाने शोधायचा नसतो. पुष्कळ भागांना स्वतंत्र नावच नसते. असते ती प्रक्षेपणाची तारीख, फितीचा क्रमांक, निर्मात्याचे नाव, मिनिटे. म्हणून शोध वर्तमानपत्राच्या 'आज दूरदर्शनवर' या चौकटीतून सुरू व्हावा. तारखा जमल्या की भागांची संख्या कळते, संख्या कळली की उणीव कळते. नाशिकमध्ये तर ही सोय दाराशी आहे. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय येथे आहे. 'गावकरी' येथलाच, आणि त्याच संस्थेचे 'रसरंग' हे चित्रपट-साप्ताहिक येथूनच महाराष्ट्रभर जात असे. या जुन्या अंकांतून तारखांची यादी करणे हे काही मुंबईच्या विद्वानांचेच काम नव्हे.

बीबीसीनेही फिती पुसल्या होत्या. 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले कितीतरी भाग त्यात गेले. पण चाहत्यांनी कोणता भाग कोणत्या देशाला, कधी विकला गेला याच्या नोंदी जुळवल्या. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातील प्रक्षेपण केंद्रात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. लंडनमध्ये पुसलेले आफ्रिकेत एका फडताळावर पडून होते. मराठी मालिका परदेशी विकल्या जात नव्हत्या, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यांनाही दुसरी वाट होती : पुनःप्रक्षेपणे आणि ऐंशीच्या दशकात घराघरांत शिरलेले व्हीसीआर, त्यांवर नातेवाइकांनी, कलावंतांनी स्वतः मुद्रित केलेल्या कॅसेट. त्या बुरशीने खाल्ल्या जात आहेत, हा खरा घाईचा मुद्दा.

प्रसार भारतीने जुन्या कार्यक्रमांपैकी काही यूट्यूबवर आणले, हे चांगलेच झाले. तरी दुकानाच्या काचेत मांडलेला माल म्हणजे गोदामाची नोंदवही नव्हे. मागणी साधी असावी : मुंबई केंद्राच्या फितींची भागवार यादी, तारीख आणि क्रमांकासह, आणि जी फीत पुसली तिच्यापुढे 'पुसली' अशी नोंद व तिची तारीख. पुण्याचे संग्रहालय १९६४ पासून आहे आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या त्या दोन रिळांपुढे '१९१३ की १९१७' असा वाद नोंदवायला त्याला कोणती अडचण आहे? प्रश्नचिन्हाला निधी लागत नाही.

येत्या ३० एप्रिलला भिंतीवर काही लिहायचेच असेल तर 'नष्ट' ऐवजी 'अमुक सूचीत, अमुक तारखेपर्यंत आढळले नाही' असे लिहावे. वाक्य लांब होईल, टाळ्या कमी मिळतील. पण पुढचा शोधणारा त्या तारखेपासून पुढे जाऊ शकेल.