मध्यम मद आणि परमिट रूम

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्ययाचा अध्याय आपण बहुतेकांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. त्यात वर्णिलेल्या तिसऱ्या मदात मनुष्य मोडलेल्या लाकडाप्रमाणे निश्चेष्ट पडतो. परमिट रूमचे चालक याच अवस्थेस घाबरतात आणि तोवर पेला भरत राहतात. आचार्यांचा इशारा मात्र त्याआधीच्या काळाविषयी आहे. मध्यम मद ओलांडला, अंतिम मद अजून आला नाही, अशा वेळी रजस्तमप्रधान मनुष्य कोणतेही अशुभ कृत्य करावयास मागेपुढे पाहत नाही. तो चालू शकतो, बिल देऊ शकतो आणि मोटारीची किल्लीही फिरवू शकतो!

पुण्यात १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा होता व त्यास आधी मद्य पुरविले गेले, असे पोलिसांचे म्हणणे. बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट तेव्हाही होतीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश असता वाहन चालविणे गुन्हा आहे. ६० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी घेतलेला ६० मिलीचा एकच पेग ही मर्यादा ओलांडावयास बहुधा पुरतो. लिंबूपाणी, ताक वा आपला कोणताही काढा हा मद्यांश झटपट उतरवीत नाही. (तसा दावा करणारे वैद्य आपल्यात असतील, तर त्यांनी तो आजच सोडावा.)

आमची सूचना अशी, की संघटनेच्या शाखांनी आपापल्या गावातील वेटरांना मध्यम मदाची लक्षणे शिकवावीत. क्षणात आठवण, क्षणात विस्मरण. अडखळती वाचा, असंबद्ध बोलणे, डळमळती चाल. ही प्रथम दिसतात ती वेटरलाच, आणि पुढचा पेग तेथेच नाकारावयाचा असतो. पण टिप बुडेल, मालक रागावेल, या भीतीने तो गप्प राहतो. म्हणून मालकासही त्या वर्गात बसविले पाहिजे. मद्यापूर्वी स्निग्ध, उष्ण अन्न असावे, हेही त्यास सांगावे. खारे शेंगदाणे हे अन्न नव्हे, ते तहान वाढवितात व विक्रीही!

वैद्याने बारची पायरी चढावी काय, असा प्रश्न काही ज्येष्ठ करतील. तेथील रुग्ण अखेरीस आपल्याच पायरीशी येतो, तेव्हा यकृत हाती लागत नाही, एवढेच आमचे उत्तर.

औषधी दुकानदार बंधूंसही एक विनंती. आसव-अरिष्टांतही स्वयंजनित मद्यांश असतो. एकच गिऱ्हाईक चिठ्ठीवाचून वारंवार बाटल्या नेऊ लागले, की वेटरकडून आपण जो नकार अपेक्षितो, तोच आपल्या गल्ल्यावरूनही दिला जावा.