तुकडा काढला की पसरतो?

अकोला-अमरावतीत कोणाच्या तोंडातल्या चट्ट्याचा विषय निघाला की एकजण तरी सांगतोच, "सुई लावू देऊ नका, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो." आमच्या मोहल्ल्यात हे मी टपरीवर ऐकलंय आणि शिकलेल्या घरांतही. मला ही समजूत खर्ऱ्याइतकीच घातक वाटते.

ती येते कुठून, हे मात्र कळतं. माणूस कित्येक महिने मलम आणि झाडपाल्यात घालवतो. बायॉप्सी होईपर्यंत आजार मानेच्या गाठींपर्यंत गेलेला असतो. मग तो खंगला की नातेवाइकांना ती सुई आठवते. आधी गेलेले महिने कोणी मोजत नाही.

गालाच्या आतला चट्टा असेल तर जागा बधिर करून त्याच्या कडेचा छोटा तुकडा घेतात. तो फॉर्मेलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, केसाहूनही पातळ काप करतात. त्यांना रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहतो. स्कॅनमध्ये गाठ कुठे आणि किती मोठी ते दिसतं, पण ती कशाची हे पक्कं सांगतो तो तुकडाच. मानेतली गाठ पुष्कळदा टीबीची निघते, आणि टीबी औषधांनी बरा होतो. अंडकोषासारख्या मोजक्या जागी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, तोंडाच्या चट्ट्याला तो नियम नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटणारे हात काही थांबले नाहीत. ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी तरणी पोरं वऱ्हाडात कमी नाहीत.

पण सगळा उपदेश पेशंटलाच का? एक चक्कर तपासायला, दुसरी तुकडा द्यायला, तिसरी रिपोर्टला. रोजमजुराची तीन दिवसांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुकडा बाटलीत मावतो, फॉर्मेलिनमध्ये टिकतो. अकोट, मूर्तिजापूर, अचलपूरच्या सरकारी दवाखान्यात तो काढून बाटली शहरात पाठवता येते. प्रवास बाटलीने करावा, माणसाने कशाला? ही मागणी आपल्या आमदारांकडे कोणी करताना मला दिसत नाही. रस्ते आणि सभागृहं मात्र सगळ्यांना हवीत.

तोवर एक सांगतो. बाटली नातेवाइकाच्या हातात दिली तर आत फॉर्मेलिन आहे ना, साधं पाणी किंवा सलाईन नाही ना, हे विचारून घ्या. बाटलीवर पेशंटचं नाव पाहा. आणि पुढे नागपूरला किंवा मुंबईच्या टाटाला जायचं ठरलं तर रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासतात.