मुलांच्या पोटाचं घड्याळ

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालतं. मंगळवेढ्यात रात्री आठला जेवणारं पोर तिथे साडेदहाला भूक भूक करू लागतं आणि सकाळी नाश्त्याची वेळ टळली तरी अंथरूण सोडत नाही. आईवडील तिकिटं, हॉटेल, स्थळं सगळं बघतात. पोराच्या पोटाचं घड्याळ तेवढं बघायचं राहून जातं. मग रडारड ठरलेली.

हेच घड्याळ कामालाही येतं. १९९४ पासून सुरू असलेली ‘नाइट सफारी’ संध्याकाळी सव्वासातला उघडते. आपल्या मुलांच्या हिशेबाने तेव्हा पावणेपाचच वाजलेले असतात, त्यामुळे ट्राममधून प्राणी बघताना ती टवटवीत असतात. परतताना भूक लागणारच. त्यासाठी पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीची ही भाकरी पातळ थापून, कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेली असते. पंधरा दिवस सहज टिकते, तापवावी लागत नाही. मेट्रोत मात्र डबा उघडायचा नाही. तिथे खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे.

खसखस घातलेला फराळ घरीच ठेवावा. आपल्या वाणसामानातली खसखस सिंगापूरमध्ये बंदी असलेल्या मालात मोडते.

विमानातलं मुलांचं जेवण निदान २४ तास आधी नोंदवावं. शाकाहारी घरांनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागावं. ‘हिंदू मील’मध्ये मांस असू शकतं.

लिटल इंडियातलं ‘कोमला विलास’ १९४७ पासून शाकाहारी जेवण देतं. डोसा समोर आला की मुलांची कुरकुर थांबते. तरी एकदा हॉकर सेंटरला न्यावंच. एका छपराखाली चिनी, मलय, तमिळ पदार्थांचे गाळे; या खाद्यसंस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोने दखल घेतली. मुलाच्या ताटात ओळखीचा भात आणि शेजारी एकच नवा पदार्थ ठेवावा, म्हणजे ते आपणहून चव घेतं. सांबल या चटणीत बहुधा सुकी कोळंबी असते, तेव्हा शाकाहारींनी आधी विचारावं.

‘गार्डन्स बाय द बे’मधल्या मुलांच्या बागेला तिकीट नाही. कारंज्यांत लहानांसाठी वेगळी आणि मोठ्या मुलांसाठी वेगळी जागा आहे. ९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांसोबत मेट्रोनेही फुकट जातं. कोरड्या कपड्यांचा जोड न्यावा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये; पाण्यातून मुलं लवकर निघत नाहीत.